दोनदा डॉक्टर

परवा राजापेठेतून ऑटोनं घरी येत होते. ऑटोवाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहत विचारलं, “मॅडम, तुमी डॉक्टर हाय ना? आमच्या शेजारच्या काकू सांगत होत्या. दवाखाना कुठी हाय तुमचा?”

“दवाखाना नाही. मी डॉक्टरांना शिकवायचे. आता रिटायर झाले.”

“म्हंजे डॉक्टर बनवत होत्या.”

“बनलेल्या डॉक्टरांना आणखी एकदा डॉक्टर करत होते.”

त्यानं जरा विचार केला. “काहून? पयल्या खेपेले कच्चे राहाले होते काय?”

मी घर येईपर्यंत हसत होते. पण खरं सांगायचं तर नोकरीच्या शेवटच्या काळात मी जे काम केलं, त्याचं इतकं नेमकं वर्णन आमच्या माहितीपत्रकातही नव्हतं. आम्ही घेत होतो तीही एमबीबीएस झालेलीच मुलं. त्यांना तपासता येतं, औषध देता येतं, मध्यरात्री उठवलं तरी डोसचे आकडे सांगता येतात. कच्चं राहिलेलं असतं ते एवढंच की, पुस्तकात जे लिहिलंय ते कुणी, कसं शोधलं आणि ते आपल्या समोरच्या माणसाला लागू पडतं का, हे विचारायची सवय नसते. ती लागावी म्हणून एमडी आणि पीएचडी एकत्र करण्याचा अभ्यासक्रम असतो. सकाळी वॉर्ड, दुपारी प्रयोगशाळा. साध्या एमडीला लागतात त्याच्या जवळजवळ दुप्पट वर्षं. अकोल्याकडच्या ज्या संस्थेत मी जीवरसायनशास्त्र शिकवत होते, तिथे हा प्रयोग काही वर्षं चालला. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

या मुलांचे हाल मी जवळून पाहिलेत. वॉर्डातले म्हणायचे, “ही पोरं लॅबमध्ये जाऊन बसतात.” लॅबवाले म्हणायचे, “फोन आला की हातातलं टाकून पळतात.” मुलं स्वतःला धोबी का कुत्ता म्हणवून घ्यायची, आणि घरचे विचारायचे ते वेगळंच. बरोबरीच्या मित्रांच्या नावाच्या पाट्या अमरावतीत झळकायला लागलेल्या असायच्या आणि हे अजून परीक्षानळ्या हलवत बसलेले. आमचा पहिलाच विद्यार्थी, डॉ. अक्षय, फार चौकस मुलगा, अर्ध्यावर एमडी घेऊन निघून गेला. आज त्याचं मोठं हॉस्पिटल आहे. मध्यंतरी माझं ब्लडप्रेशर तपासताना म्हणाला, “मॅडम, प्रश्न अजूनही पडतात हो. पण बाहेर बाकावर इतके पेशंट बसलेले असतात की प्रश्नाला बसायला जागाच राहत नाही.” मला त्याचा राग कधीच आला नाही. वाईट मात्र वाटलं, अजूनही वाटतं.

पण आज सांगायचंय ते डॉ. प्रणाली वानखडेबद्दल. ती बाळापूरची. आई जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, वडील एसटीतून निवृत्त झालेले. मुलाखतीला आली तेव्हा बाकीचे उमेदवार मोठमोठ्या आजारांची नावं घेत होते. तिला विचारलं, “तुला नेमकं काय शोधायचंय?” तर म्हणाली, “माझी इंटर्नशिप झाली तिथे सिकलसेलचे दोन भाऊ यायचे. एकाच आईबापाचे, दोघांचाही रिपोर्ट सारखा. एक दर महिन्याला हाडं दुखतात म्हणून ओरडत यायचा आणि दुसरा त्याला सायकलवर डबलसीट घेऊन यायचा. मला त्या दुसऱ्याबद्दल कुतूहल आहे.”

मुलाखत घेणारे आम्ही पाचही जण एकमेकांकडे पाहायला लागलो. मी मनात तिला तेव्हाच घेऊन टाकलं.

सिकलसेल आपल्या विदर्भाला नवा नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात, त्या या आजारात विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि माणूस वेदनेनं तळमळतो. आजार आईबापांकडून येतो. पण एकाला तो आडवा करतो आणि दुसऱ्याला जवळजवळ सोडून देतो. याची काही कारणं सापडलेली आहेत, पण सगळी नाहीत. प्रणालीनं त्यातलाच एक धागा उचलला. रक्तात एक बारीकसा पदार्थ असतो. त्याचं नाव लांबलचक आहे, इथं त्याची गरज नाही. तो वाढला की नसांचं अस्तर खराब होतं. तर ज्यांना जास्त दुखतं त्यांच्या रक्तात तो जास्त असतो का, हे तिला पाहायचं होतं. काही रुग्ण अकोल्यातले आणि आसपासचे, काही मेळघाटातले. डोंगरातल्या लोकांचं रक्त परतवाड्याच्या एका केंद्रात काढायचं, तिथून ते अंजनगाव-अकोट मार्गे अकोल्याला यायचं.

दोन वर्षांनी निकाल हाती आले, आणि काय देखणे आले! मेळघाटातल्या लोकांत तो पदार्थ भरपूर, अकोल्याकडच्या लोकांत कमी. दुखण्याचे झटकेही मेळघाटात जास्त. आलेख काढला तर ठिपके शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेसारखे उभे. आमच्या विभागात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. दिल्लीच्या एका परिषदेत तिला बोलायला बोलावलं. मेळघाटातल्या शिबिरांतून आम्ही लोकांना सांगूनही टाकलं की तुमच्या रक्तात अमुक एक गोष्ट जास्त आहे, पालेभाज्या खा, या गोळ्या घ्या, तपासायला येत जा.

आणि मग एक दिवस सुगंती आली.

प्रणालीची ओपीडी होती. कापसाच्या जिनिंगच्या हंगामात डोंगरातली कुटुंबं अकोल्याकडे कामाला येतात, त्यांतली ही एक कोरकू बाई. ताप आला होता, बाकी काही नाही. प्रणालीनं मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, “तुमी परतवाड्याच्या कॅम्पले आल्या होत्या ना? हातावर हा मोर गोंदलेला, मले आठवते.”

सुगंती खूश झाली. मग आवाज खाली करून तिनं विचारलं, “बाई, माहा खून जास्तीच खराब हाय ना? सासू म्हनते, नासलेला खून हाय.”

प्रणालीनं तिला धीर दिला, तापाची औषधं लिहून दिली. ताप उतरून आठवड्यानं ती पुन्हा दाखवायला आली, तेव्हा तिची परवानगी घेऊन रक्त काढलं. संध्याकाळी निकाल पाहिला. तो पदार्थ अगदी बेताचा. कॅम्पच्या नोंदवहीत तिच्या नावासमोरचा नंबर पाहिला, तर परतवाड्याला काढलेल्या रक्तात याच बाईचा आकडा आमच्या आलेखात अगदी वरच्या टोकाला होता.

प्रणाली कागद घेऊन माझ्या खोलीत आली. दार लावलं आणि उभीच राहिली.

“मॅडम, एकच बाई आहे. दोन आकडे आहेत.”

मी मार्गदर्शक. माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय यावं? मी म्हटलं, “खाणं बदललं असेल. गोळ्या घेतल्या असतील. ताप येऊन गेलाय. आणि एका रुग्णावरून काही ठरत नाही.”

“गोळ्या तिनं घेतल्याच नाहीत. सासूनं फेकून दिल्या. मॅडम, आपण बाईकडेच पाहून राहिलो. बाई बदलली नसेल तर? रक्त बदललं असेल तर?”

“रक्त कसं बदलेल?”

“नळीत.”

वाचणाऱ्यांसाठी इथे थोडं थांबून सांगते. रक्त शरीरातून काढलं म्हणजे ते लगेच मरतं असं नाही. नळीत गेलेल्या तांबड्या पेशी बराच वेळ जिवंत असतात आणि आपलं काम करत राहतात. साखर खातात, काहीबाही तयार करून बाहेर टाकतात. आपण ज्या घरातून निघालो ते घर आता नाही, हे त्यांना कुठे माहीत? म्हणून काही तपासण्यांसाठी रक्त काढल्याबरोबर सेंट्रीफ्यूज नावाच्या यंत्रात नळ्या गरगर फिरवतात. पेशी तळाशी बसतात, वरचं पिवळसर पाणी वेगळं काढून घेतात. मग त्या पाण्यात कुणी काही मिसळू शकत नाही. परतवाड्याला असं यंत्र आम्ही दिलेलं होतं. नळ्या तिथेच फिरवायच्या, पाणी वेगळं करायचं आणि बर्फात घालून पाठवायचं, असं ठरलेलं होतं.

“रफिकभाई करतच असतील ना ते,” मी म्हटलं. रफिकभाई म्हणजे तिथले तंत्रज्ञ, नेक आणि वक्तशीर माणूस.

“विचारते. पण आधी आपलंच रक्त पाहू.”

त्या दुपारी आम्ही दोघींनी एकमेकींचं रक्त काढलं. पुष्कळ नळ्या भरल्या. एक-एक नळी लगेच फिरवली. बाकीच्यांतल्या काही बर्फात ठेवल्या, काही टेबलावर तशाच उभ्या केल्या आणि ठरावीक वेळानं एकेक फिरवत गेलो. आकडे यायला लागले. मला सिकलसेल नाही, प्रणालीला नाही. आम्ही दोघी ठणठणीत. पण टेबलावरच्या नळीत माझं रक्त बसल्या बसल्या आजारी पडत होतं! दर खेपेला आकडा वर. बर्फातल्या नळ्या बराच वेळ तग धरून होत्या, पण बर्फाचं पाणी झालं की त्याही त्याच वाटेला लागल्या.

काय सांगू, त्या दुपारी आम्ही दोघी किती खूश होतो! जिवंत पेशींचा तो आगाऊपणा डोळ्यांनी पाहण्यात अशी काही गंमत होती की आपण कशाचा पुरावा गोळा करतोय याचा विसरच पडला. शेवटची नळी फिरवून झाली, आकडा आला आणि प्रणाली स्टुलावर बसली. म्हणाली, “मॅडम, हा आकडा सुगंतीचाच आहे. परतवाड्याचा.”

दुसऱ्याच दिवशी आम्ही परतवाड्याला गेलो. रफिकभाईंनी चहा मागवला. यंत्राबद्दल विचारलं तर सरळपणे म्हणाले, “वो तो कबका बिघडलं ना मॅडम. मी तुमच्या हापिसात कळवलं होतं. ते म्हणे, दुसरं पाठवतो, तोवर नळ्या बर्फात घालून तशाच पाठवा. मी बर्फ ठासून भरत होतो. गाडीवाल्याले बी सांगत होतो, सावलीत ठेव म्हणून.”

त्यांचा चेहरा पडला. “काही गलत झालं काय?”

प्रणाली म्हणाली, “तुमचं नाही, भाई. बर्फ कशासाठी आणि यंत्र कशासाठी, हे आमीच तुमाले नीट सांगितलं नव्हतं.”

दुसरं यंत्र आलं ते उशिरा, आणि तेही वीज असेल तेव्हाच चालायचं. म्हणजे कुठली नळी तिथं फिरली आणि कुठली तशीच अकोल्याला आली, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. अकोटच्या आसपास बर्फ वितळायचा आणि तिथून पुढे पेशी आपला उद्योग सुरू करायच्या. सगळं लख्ख दिसायला लागलं. डोंगरात दुखणं जास्त, कारण दवाखाना लांब. आणि तो पदार्थ जास्त, कारण आमची प्रयोगशाळा लांब. दोन्ही गोष्टी रस्त्यानं घडवलेल्या आणि आम्ही त्यांचं एकमेकींशी लग्न लावून मोकळे झालो होतो.

विभागात सगळेच याबद्दल बोलत होते. एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले, “एका बाईच्या दोन आकड्यांपायी मुलीचं वाटोळं करता काय? तिनं खोटं कुठे लिहिलंय? मशीननं दाखवलं तेच लिहिलं ना? प्रबंध होऊ द्या. पुढे कुणी तपासलं तर तपासेल.” ते वाईट माणूस नव्हते. असं पुष्कळ ठिकाणी होतं आणि पुढे कुणी तपासत नाही, हेही खरंच आहे.

प्रणाली बाळापूरला निघून गेली. चारेक दिवसांनी तिच्या आईचा फोन आला.

“जयभीम मॅडम. प्रणालीची आई बोलून राहिली. पोरगी आल्यापासून बोलत नाही. जेवते, भांडे घासते, किल्ल्याकडे फिराले जाते. मी विचारलं तं म्हणते, आई, माझं सगळं खोटं निघालं. मॅडम, तिनं काही कॉपी-गिपी केली काय?”

“नाही हो ताई. तिनं स्वतःचीच चूक पकडली.”

मग त्या म्हणाल्या, “मी पोराईले गणित शिकवते. उत्तर चुकलं तं रागवत नाही, पण चुकलेलं उत्तर पुस्तकाच्या पाठीमागं पाहून जुळवलं तं लई रागवते. आता माह्या घरीच हा हिशेब आला. लोक तं विचारूनच राहिले, अजून किती वर्षं म्हणून. तिच्या बाबाचा जीव खालीवर होऊन राहिला. पण तुमी सांगा, तिनं कबूल केलं तं तिले काढून टाकतील काय?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं. विद्यार्थ्यानं स्वतः होऊन आपला निकाल मोडल्याचं आमच्याकडे एकही उदाहरण नव्हतं.

वार्षिक आढाव्याला बाहेरून दोन परीक्षक आले होते. मी आदल्या दिवशी प्रणालीला विचारलं होतं, “काय करणार आहेस?” तिनं फक्त, “मोर गोंदलेली बाई दाखवणार आहे,” एवढंच सांगितलं. तिनं पहिल्यांदा तो देखणा आलेख पडद्यावर लावला. परीक्षकांच्या माना डोलल्या. मग म्हणाली, “हा आलेख सिकलसेलचा नाही, परतवाडा ते अकोला या रस्त्याचा आहे.” आणि सुगंतीचे दोन आकडे, आमच्या दोघींच्या नळ्या, बंद पडलेलं यंत्र, सगळं एकामागून एक सांगितलं. आवाज कुठे अडला नाही.

एका परीक्षकांनी चष्मा काढला. “म्हणजे दोन वर्षांत तुम्हाला काय सापडलं, डॉक्टर?”

“सर, जे सापडलं नाही ते नक्की सापडलं.”

“आणि आता?”

“सगळ्यांचं रक्त पुन्हा घेईन. यंत्र गाडीत घेऊन जाईन, बॅटरीवर चालणारं. माणसाच्या दारात नळी फिरवीन.”

दुसऱ्या परीक्षक बाई होत्या. त्यांनी विचारलं, “त्या रुग्णाला तुम्ही ओळखलं कसं? यादीत तर नाव नसतं, नंबर असतो.”

“ओपीडीत होते ना मॅडम. नंबर प्रयोगशाळेत असतो. ओपीडीत माणूस येतो.”

त्या परीक्षक बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं, कारण माझे डोळे भरून आले होते. आम्ही वॉर्ड आणि प्रयोगशाळा एकाच माणसाच्या गळ्यात का बांधत होतो, हे मला कुठल्याही बैठकीत कधी नीट सांगता आलं नव्हतं.

तिला काढलं नाही. मुदत वाढवून दिली. दिल्लीचं भाषण तिनं स्वतः पत्र लिहून रद्द केलं. पुढचं जवळजवळ दीड वर्ष ती त्या गाडीतून हिंडली. निकाल आला तो असा की, डोंगर आणि सपाटी यांच्यात तसा काही फरकच नव्हता. प्रबंध आधीपेक्षा सडपातळ झाला. दूरच्या गावांतून रक्त गोळा करताना ते वाटेत कसं बदलतं आणि ते बदलू नये म्हणून काय करावं, हाच त्याचा गाभा. वर्तमानपत्रात छापून यावं असं त्यात काही नव्हतं. पण आज त्या भागात कुणी रक्त गोळा करायला निघालं की तिच्याच पद्धतीनं करतं, आणि ती पद्धत कुणाची हे त्यांना माहीत नसतं. प्रणाली आता अमरावतीत सिकलसेलची ओपीडी चालवते, आठवड्यातले दोन दिवस प्रयोगशाळेत असते. घरचे आता “अजून किती वर्षं?” असं विचारत नाहीत. आमचा तो अभ्यासक्रम मात्र पुढे विद्यार्थ्यांअभावी बंद पडला. त्याची हळहळ वाटते.

या सगळ्यात एक भेट सांगायची राहिली. आढावा झाल्यावर, नवीन रक्त घ्यायला सुरुवात करण्याच्या आधी, प्रणाली म्हणाली होती, “मॅडम, ज्यांना आपण चुकीचं सांगितलं, त्यांना आधी जाऊन बरोबर सांगायचं. नुसतं सांगायचं. त्या दिवशी काही मागायचं नाही.” पहिल्यांदा आम्ही सुगंतीकडे गेलो. परतवाड्यावरून जीपनं घाटाच्या पायथ्याशी आणि तिथून पायी.

सुगंती जिनिंगहून परतली होती. अंगणात बाज टाकली. सासू दारात उभी राहून ऐकत होती, म्हणून प्रणाली मुद्दाम मोठ्यानं बोलली. “सुगंतीबाई, बिमारी हाय ते हाय. त्याच्या गोळ्या सोडायच्या नाही. पण ते दुसरी गोष्ट आमी सांगितली होती ना, खून जास्ती खराब हाय म्हणून, ते चूक होतं. चूक आमची होती. तुमचा खून नासलेला नाही.”

सुगंतीनं वळून सासूकडे पाहिलं. सासू आत गेली आणि थोड्या वेळानं आमच्यासाठी मोहाचे लाडू घेऊन बाहेर आली.

तेवढ्यात डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन एक बाई अंगणात आली. सुगंतीची धाकटी बहीण रामकली, तिच्याच दिराला दिलेली. मोळी टाकून ती आमच्यासमोर उकिडवी बसली आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, “मले बी हेच बिमारी हाय म्हनते डाक्टर लोकं. कागदावर लिवलं हाय. पन मले तं कदी दुखत नाही. हिलेच काहून?”

प्रणालीचा चेहरा उजळला. पुष्कळ दिवसांनी तसा पाहिला. “मले माहीत नाही,” ती म्हणाली. “कोनालेच पुरतं माहीत नाही. तेच शोधून राहिलो.”

रामकलीनं लुगड्याचा पदर खांद्यावरून मागे टाकला, हात लांब करून प्रणालीच्या मांडीवर ठेवला. कोपराजवळची शीर टरारून वर आलेली.

“घे मंग.”

“आज नाही घेत. सुई नाही आणली. आज फक्त सांगाले आलो.”

रामकलीनं हात काढला नाही. आधी प्रणालीकडे, मग माझ्याकडे पाहिलं, दोघीही अगदीच कामातून गेलेल्या असाव्यात तसं.

“येवढ्या दूर आल्या,” ती म्हणाली, “आन् सुई इसरल्या?”